भूल कुणाची?

पत्र असं आहे:

"माझा मोठा भाऊ ३४ वर्षांचा, धडधाकट. मागच्या महिन्यात त्याच्या हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. भूल दिल्यावर अर्ध्या तासात डॉक्टर बाहेर आले आणि ऑपरेशन थांबवलंय म्हणाले. त्याचं अंग लाकडासारखं कडक झालं होतं, ताप ४१ अंशांच्या वर गेला होता. चार दिवस आयसीयूत होता, लघवी कोऱ्या चहासारखी येत होती. वाचला. डॉक्टरांनी कागदावर 'मॅलिग्नंट हायपरथर्मिया' लिहून दिलं आणि रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांना कळवा म्हणाले. दादा म्हणतो, झालं गेलं, आता गावभर करायचं नाही. आई म्हणते, डॉक्टरांनी आपली चूक झाकायला मोठं नाव शोधलंय. मला राहून राहून आमचे मोठे काका आठवतात. ते अपेंडिक्सच्या ऑपरेशनात टेबलावरच गेले. 'ताप डोक्यात गेला' असं घरात म्हणायचे. माझ्या सात वर्षांच्या मुलीचे टॉन्सिल काढायचे आहेत, तारीख पुढच्या महिन्यातली आहे. रद्द करू का? आणि दादाचं ऐकू की डॉक्टरांचं? – एक धाकटी बहीण"

ताई,

काकांबद्दलचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी सगळ्यात जास्त वेळ त्याच वाक्यावर थांबले. त्याकडे येते. आधी मुलीचं, कारण तिथे तारीख पडली आहे.

ऑपरेशन रद्द करू नका. पुढे ढकलायची वेळ आली तर ढकला. टॉन्सिल महिनाभर थांबतात. पण त्याआधी आजच्या आज सर्जनना फोन करा आणि भूलतज्ज्ञांशी स्वतः बोलायचंय असं सांगा. नुसतं सर्जनच्या कानावर घालून थांबू नका. मी तीस वर्षं भूल दिली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, मूल टेबलावर झोपल्यावर, "हो, मला बोलल्या होत्या काहीतरी" असं सर्जननी म्हणायचं हे मी पुष्कळ वेळा ऐकलंय. भूलतज्ज्ञांना एवढंच सांगा: "माझ्या सख्ख्या भावाला एमएच झाला, कागद माझ्याकडे आहेत." एमएच, म्हणजे मॅलिग्नंट हायपरथर्मिया, ही दोन अक्षरं ऐकली की कुठलाही भूलतज्ज्ञ खुर्चीत सरसावून बसतो. जो बसणार नाही, त्याच्याकडून मुलीला भूल देऊ नका.

पुढचं काम त्यांचं, पण तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगते. लहान मुलं सुईला घाबरतात, म्हणून त्यांना बहुतेक वेळा मास्कमधून गॅस देऊन झोपवतात, मग सलाइनची सुई लावतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत क्रम उलटा हवा. हातावर बधिर करणारं मलम तासभर आधी लावायचं, शुद्धीत असतानाच सुई लावायची आणि झोप पूर्णपणे शिरेतून द्यायची. प्रोपोफोल चालतं, केटामाइन चालतं, वेदनाशामकं चालतात, बधिर करायची इंजेक्शनं चालतात, नायट्रस ऑक्साइडसुद्धा चालतो. चालत नाहीत ते सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेस्फ्लुरेन आणि जुनं हॅलोथेन हे वाफेचे गॅस, आणि सक्सिनिलकोलिन नावाचं स्नायू सैल करणारं एक इंजेक्शन. यादी एवढीच.

सक्सिनिलकोलिनबद्दल मात्र जरा आग्रह धरा. टॉन्सिलच्या ऑपरेशनात कधीकधी मुलाचा घसा मध्येच आवळला जातो, श्वास अडतो, आणि अशा घाईत आमचा हात सवयीने त्याच औषधाकडे जातो. ते त्या दिवशी ट्रॉलीवर नसलेलंच बरं. त्याच्या जागी रोक्युरोनियम काढून ठेवता येतं. मशिनचंही तसंच. आधीच्या पेशंटचा गॅस मशिनच्या नळ्यांमध्ये, रबरात मुरलेला असतो. म्हणून द्रवाची वाफ करून गॅस देणारे व्हेपोरायझर काढून ठेवायचे, नळ्या आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम बदलायचे आणि शुद्ध ऑक्सिजन जोरात सोडून मशिन धुऊन घ्यायचं. काही मशिनना यासाठी दहा मिनिटं पुरतात, काहींना तासभराहून जास्त लागतो. मुलीचा नंबर यादीत पहिला लावून घ्या, म्हणजे हे सगळं शांतपणे होतं. एवढं केलं की बाकी पोरांच्या टॉन्सिलला जेवढा धोका, तेवढाच तुमच्या मुलीला. आधी तपासणी करून घेतलीच पाहिजे असंही नाही. तिला हा दोष आहे असं धरून चालायचं; त्यात तिचं काही बिघडत नाही.

आणखी एक प्रश्न विचारा, थोडा अवघडल्यासारखा वाटला तरी: "डॅन्ट्रोलिन आहे का, आणि किती?" हे या आजारावरचं औषध. एका बाटलीत ते २० मिलिग्रॅम असतं. पहिला डोस वजनाच्या दर किलोला अडीच मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला पहिल्याच डोसाला नऊ बाटल्या लागतात आणि वेळ आली तर त्याच्या चौपटीपर्यंत. म्हणून भूल देणाऱ्या ठिकाणी ३६ बाटल्यांचा साठा असावा असं सांगितलं जातं. बऱ्याच ठिकाणी तो नसतो. महाग औषध, क्वचित लागणारं, मुदत संपली की फेकून द्यायचं, त्यामुळे खरेदीच्या यादीत ते सगळ्यात शेवटी जातं. जिथे ते नाही तिथे तुमच्या मुलीचं ऑपरेशन करू नका, एवढं मी स्पष्ट सांगते. मग ती जागा घराजवळ असो, स्वस्त असो, डॉक्टर ओळखीचे असोत.

आता आईंचं म्हणणं. मराठीत आपण एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबल्या आहेत, त्यामुळे घरोघर हा घोळ होतो. भूल दिली म्हणजे झोपवलं, आणि भूल झाली म्हणजे चुकलं. दादाच्या बाबतीत पहिली दिली होती. दुसरी झाली का, ते शोधता येतं.

दादाच्या स्नायूंमध्ये जन्मापासून एक झडप सैल आहे, असं समजा. स्नायू आखडायचा तर त्याच्या पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर यावं लागतं; काम झालं की ते परत कोठारात ओढून घेतलं जातं. कोठाराच्या दारावर जे प्रथिन बसलेलं असतं, त्याची कृती एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या आरवायआर१ नावाच्या जनुकात लिहिलेली असते. त्या कृतीत एखादं अक्षर चुकलेलं असलं तरी माणूस धावतो, पोहतो, ओझी उचलतो, काही कळत नाही. पण तो वाफेचा गॅस अंगात गेला की दार उघडं राहतं. कॅल्शियम गळत राहतं, शरीरातले सगळे स्नायू एकदम राबायला लागतात आणि थांबायचं नाव घेत नाहीत. ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, रक्त आंबट होतं, पोटॅशियम चढतं, हृदयाचे ठोके चुकायला लागतात. उष्णता मागाहून येते, आणि आली की काही वेळा दर पाच मिनिटांना अंशाअंशाने वाढत जाते. फुटलेल्या स्नायूंमधला लाल रंग मूत्रपिंडातून गळतो. कोऱ्या चहासारखी लघवी ती हीच. नावात 'हायपरथर्मिया' आहे म्हणून सगळे तापाकडे बघतात, पण ताप हा बऱ्याचदा उशिरा पोचणारा पाहुणा असतो. पहिली खूण मॉनिटरवर दिसते: श्वास नीट चालू असताना कार्बन डायऑक्साइडचा आकडा कारणाशिवाय चढत जातो.

त्यामुळे आईंच्या शंकेचं उत्तर कागदावर आहे. हॉस्पिटलकडून भूलनोंदीची प्रत मागा. ती मागायला संकोच नको. तिच्यात चार गोष्टींच्या वेळा बघा. कार्बन डायऑक्साइड चढायला लागला ती वेळ, गॅस बंद केला ती, डॅन्ट्रोलिनची पहिली बाटली गेली ती, आणि मदतीला आणखी माणसं बोलावली ती. या वेळा एकमेकींच्या पाठोपाठ असतील, तर दादा त्या भूलतज्ज्ञांमुळे वाचलाय आणि आईंनी त्यांना एकदा फोन करायला हवा. मध्ये अर्धा तास गेला असेल, तर प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि भूल द्यायच्या आधी "घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का" हे दादाला विचारलं होतं का, तेही बघा. कदाचित विचारलं असेल आणि तो "नाही" म्हणाला असेल. काकांचं काय झालं ते त्याला कुणी सांगितलं होतं?

मी हा प्रकार आयुष्यात एकदाच पाहिला. रात्रीची वेळ, हात मोडलेला पोरगा. ते डॅन्ट्रोलिन विरघळता विरघळत नाही. एकेका बाटलीत साठ मिलिलिटर पाणी घालून खळखळ हलवायचं, तरी पिवळट-केशरी गाळ तळाशी बसतो. शेवटी थिएटरमध्ये जो जो होता त्याच्या हातात एकेक बाटली दिली. सर्जनही हलवत होते, स्ट्रेचर ढकलणारे मामाही हलवत होते. पोरगा वाचला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी मला विचारलं, "तुम्ही काय चूक केलीत?" मला राग आला नाही असं नाही. पण त्यांना दुसरा शब्द कुणी दिलाच नव्हता.

हे औषध यायच्या आधी या आजारात दहापैकी सात-आठ जण दगावत. १९७५ साली हॅरिसन नावाच्या भूलतज्ज्ञांनी दक्षिण आफ्रिकेत डुकरांवर त्याचा उपयोग दाखवला. डुकरांवर का, तर त्यांच्या काही जातींत नेमका हाच दोष असतो. ट्रकमध्ये कोंबून नेताना नुसत्या घाबरण्याने ती ताठ होऊन मरतात. १९७९ मध्ये शिरेतून द्यायच्या डॅन्ट्रोलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज जिथे ते हाताशी असतं आणि वेळेत दिलं जातं, तिथे बहुतेक पेशंट वाचतात.

आता काका.

१९६० साली मेलबर्नमध्ये एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला मोटारीने उडवलं, पायाचं हाड मोडून बाहेर आलं. पण तो पोरगा पायापेक्षा भुलीला घाबरत होता. त्याने डॉक्टरांना सांगितलं, माझे दहा नातेवाईक इथर दिल्यावर गेले आहेत. त्याच्यावर विश्वास ठेवायला कुणी बांधील नव्हतं. घाबरलेला पेशंट काहीही बोलतो असं म्हणून सोडून देणं सोपं होतं. त्यांनी इथर टाळलं आणि त्या काळी नवं असलेलं हॅलोथेन जपून दिलं. तेही त्याच कुळातलं निघालं. दहा मिनिटांत त्याची तब्येत ढासळली. मुलाचं बोलणं लक्षात होतं म्हणून त्यांनी लगेच भूल थांबवली, त्याला बर्फात गुंडाळलं, आणि तो वाचला. पुढे त्याला मूतखड्यासाठी ऑपरेशन लागलं, तेव्हा कमरेतून भूल दिली आणि काहीही झालं नाही. डेनबरो आणि लव्हेल या दोन डॉक्टरांनी त्याच्या घराण्याची हकीकत 'लॅन्सेट'मध्ये छापली आणि हा आजार जगाला माहीत झाला. तो प्रयोगशाळेत सापडला नाही, ताई. घरातली मयतं मोजून ठेवणाऱ्या एका पोराने तो सांगितला.

तुमचे काका याच आजाराने गेले असं मी म्हणणार नाही. सडलेल्या, फुटलेल्या अपेंडिक्सनेही ताप चढतो आणि माणूस जातो. पण अंग कडक झालं होतं का, ताप भूल दिल्यानंतर चढला का, हे तेव्हा थिएटरच्या बाहेर बसलेल्या कुणाला आठवत असेल तर लिहून ठेवा. काका वडिलांकडचे, म्हणजे दोष असलाच तर तो तुमच्या वडिलांकडून आला असण्याची शक्यता वाढते. हा दोष आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. दादाला तो वडिलांकडून आला असेल, तर तुम्हाला असण्याची शक्यता निम्मी, तुमच्या मुलीला पाव. वडिलांना पूर्वी भूल दिली होती आणि काही झालं नाही, असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. दोष असूनही पहिल्या, दुसऱ्या भुलीत माणूस निर्विघ्न बाहेर येतो आणि तिसऱ्या वेळी घात होतो. असं का, याचं समाधानकारक उत्तर आम्हालाही देता येत नाही.

डॉक्टर 'दुर्मिळ' म्हणतात तेव्हा ते सगळ्या पेशंटांची बेरीज करून बोलत असतात. भूल दिलेल्या दहा हजारांत एक ते अडीच लाखांत एक, असे याचे अंदाज आहेत. तुमच्या घराला तो हिशेब लागू नाही. तुमच्या घरात तो दोष असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाच्या दाराशी नाणेफेकीसारखा उभा आहे.

तपासणीचं थोडक्यात. रक्तातून जनुकाची तपासणी होते. ती आधी दादाची करायची. त्याच्यात बदल सापडला, तर तोच बदल बाकीच्यांमध्ये शोधणं सोपं. सापडला तर दोष आहे. सापडला नाही तर मात्र "सुटलो" म्हणायची घाई नको, कारण दुसऱ्या एखाद्या बदलातूनही हा दोष येऊ शकतो. खात्रीची तपासणी म्हणजे मांडीतल्या स्नायूचा ताजा तुकडा काढून त्याला कॅफीन आणि हॅलोथेन लावून बघणं. ती जगात मोजक्या ठिकाणी होते, लहान मुलांची टाळतात. म्हणून बहुतेक घरांना व्यवहारात पुरतं ते एकच: प्रत्येकाने पाकिटात चिठ्ठी ठेवणं.

राहिला दादा. तुम्ही त्याला हट्टी म्हटलं नाहीत, पण पत्रात तो तसा दिसतो. मला तो घाबरलेला दिसतोय. दुपारपर्यंत घरी जाऊ म्हणून गेलेला माणूस चार दिवसांनी नळ्यांमध्ये उठला. आयसीयूतून आलेल्या माणसांना पुढे कितीतरी दिवस वाईट स्वप्नं पडतात, दचकून जाग येते, हॉस्पिटलचा विषय निघाला की ती उठून जातात. स्नायूही आठवडे-आठवडे दुखत असतात, जिना चढवत नाही. चौतिशीच्या माणसाला हे सांगायची लाज वाटते. त्याच्याशी आधी त्याबद्दल बोला, नातेवाइकांबद्दल नंतर.

आणि त्याला हळूच आठवण करून द्या की हर्निया अजून तिथेच आहे. आज ना उद्या तो काढावा लागणारच, आणि त्या वेळी त्यालाच तोंड उघडून सांगावं लागेल. कमरेतून किंवा शिरेतून भूल देऊन ते ऑपरेशन सुखरूप होतं. कडक उन्हात अंगमेहनत करून अंग आखडलं किंवा लघवी पुन्हा काळी झाली, तर मात्र अंगावर काढू नये; या दोषाच्या काही जणांना असंही होतं.

तो तरीही नाही म्हणाला तर? माझं मत विचाराल तर, त्याचे आयसीयूतले चार दिवस ही त्याची गोष्ट आहे. ती त्याच्या परवानगीशिवाय सांगू नये. पण दोष एकट्याचा नाही. डॉक्टरांकडून दादाचं नाव नसलेलं, "या कुटुंबातील रक्ताच्या नातेवाइकांसाठी" असं पत्र मागून घ्या, ते देतात. आणि चुलत भावंडांना एवढाच मजकूर पाठवा:

"आपल्या घराण्यात भुलीच्या काही औषधांची जिवावर बेतणारी रिअॅक्शन येण्याचा आनुवंशिक दोष असू शकतो. नाव मॅलिग्नंट हायपरथर्मिया. एरवी काही त्रास होत नाही. पण तुमचं किंवा मुलांचं कुठलंही ऑपरेशन असेल, तर भूलतज्ज्ञांना हे नाव आधी सांगा आणि सोबतचं पत्र दाखवा. त्यांच्याकडे दुसरी, सुरक्षित औषधं असतात."

यात कुणाचंही नाव नाही. "कुणाला झालं?" असं विचारणारे फोन येतील. "डॉक्टरांनी सगळ्यांना कळवायला सांगितलंय" एवढं उत्तर पुरे. दादाला हा मजकूर पाठवायच्या आधी दाखवा. परवानगी मागायला नव्हे; आपल्या पाठीमागे काही चाललंय असं त्याला वाटू नये म्हणून.

काकू हयात असतील तर त्यांना मात्र मेसेज पाठवू नका. घरी जा. टेबलावर नवरा गेल्यावर बाई काय काय मनात धरून बसते, ते मी थिएटरच्या दाराबाहेर पाहिलंय. आपण दवाखान्यात न्यायला एक दिवस उशीर केला, किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं असतं तर, असलं काहीतरी. त्यांना आधी विचारा, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं. मध्ये बोलू नका. आणि सोबत वही न्या.